वाट विचारा : आजी, नातवंडं आणि माथेरान

प्रश्न : ताई, येत्या जोडून सुट्टीत आम्ही माथेरानला जायचं म्हणतोय. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. सोबत सासूबाई, वय 68, गुडघे कुरकुरतात पण घरी राहायला तयार नाहीत. सकाळी निघून रात्री परत यायचंय. एका दिवसात किती पॉइंट होतील? यांनी नेटवरून चौदांची यादी काढलीय.
– क. दे., डोंबिवली

उत्तर : यजमानांना म्हणावं, यादी छान आहे, घडी करून पाकिटात ठेवा आणि घरी आल्यावर काढा.

हसू नका, हे मी भोगलंय. माझा भाचा सात वर्षांचा असताना आम्ही असेच यादी घेऊन गेलो होतो. माथेरानच्या नकाशावर तीन डझनांच्या वर पॉइंट आहेत, आणि आमच्या मामेभावाने त्यातले बारा एका दिवसात 'करायचे' ठरवले होते. तिसऱ्या पॉइंटला भाचा म्हणाला, "आत्या, हा मघाचाच आहे ना?" पाचव्याला तो माझ्या खांद्यावर झोपला. उरलेले सात मामेभावाने एकट्याने पाहिले. आजही विचारलं तर त्याला त्यातल्या दोघांची नावं सांगता येत नाहीत.

तर तुम्ही एकच दिशा धरा. माथेरान म्हणजे कड्यांच्या कडेकडेने पॉइंट आणि मध्ये सगळं रान. बाजार आणि स्टेशन साधारण मधोमध. उत्तरेला टोकाशी पॅनोरमा, पूर्वेला गारबट, अलेक्झांडर, रामबाग, दक्षिणेला वन ट्री हिल आणि चौक पॉइंट, पश्चिमेला लुईझा, एको आणि सूर्यास्ताचा पॉर्क्युपाइन. एका दिवसात उत्तर-दक्षिण दोन्ही करायला निघालात की मुलं रडणार, सासूबाई गप्प होणार, आणि गप्प झालेल्या सासूबाई रडणाऱ्या मुलांपेक्षा जड जातात.

मी तुमच्या जागी असते तर अशी गेले असते. सकाळची पहिली-दुसरी कर्जत लोकल धरून नेरळ. तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, नऊएक किलोमीटरचा घाट. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची सीट मागून घ्यावी, लाजू नये. दस्तुरीला वाहन थांबतं, पुढे कोणाचीच गाडी जात नाही, प्रवेशकर भरायचा आणि चालू पडायचं. इथून बाजार अडीच-तीन किलोमीटर. मोठ्यांना पाऊण तास, मुलांना सव्वा तास धरा, कारण वाटेत प्रत्येक माकडाशी त्यांची ओळख व्हायची असते.

सासूबाईंना मात्र चालवू नका. दस्तुरीपासून चार पावलांवर अमन लॉज स्टेशन आहे, तिथून माथेरानपर्यंत छोट्या गाडीची शटल असते. घरातला एक मोठा माणूस त्यांच्यासोबत गाडीने, बाकीचे रुळांशेजारच्या लाल वाटेने. माथेरान स्टेशनवर भेटायचं ठरवा. सुट्टीच्या दिवशी तिकिटाची रांग मोठी असते, म्हणून तो मोठा माणूस आधी रांगेत उभा राहील असं बघा. माझ्या आईला एकदा हातरिक्षात बसवायला गेलो तर तिने साफ नकार दिला. "माणसाने माणसाला चढावर ओढायचं? मी बसून राहते इथेच." आणि खरंच दीड तास बसून राहिली. त्या हातरिक्षा बंद करायला 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तेव्हा मला तिचीच आठवण झाली. ई-रिक्षा आहेत, पण मोजक्याच; त्यांच्या भरवशावर दिवस बांधू नका.

बाजारात जेवण उरकून शार्लोट तलावाकडे निघा. ही वाट माझी सगळ्यात आवडती आहे. जवळपास सपाट, वर जांभूळ-हिरड्याची दाट सावली, भर दुपारी दोन वाजतासुद्धा टोपी काढावी वाटते. तलावाच्या काठाला पिसारनाथाचं देऊळ आहे, सासूबाईंना तिथे टेकू द्या. तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, मुलांना पाय बुडवू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. मग ज्यांचे पाय शाबूत त्यांनी शेजारच्या लॉर्ड पॉइंटला जाऊन यावं, आणि जमलं तर एकोला. भाच्याने एकोला "आत्या" अशी हाक मारली होती आणि समोरून फक्त "त्या" आली. त्या दिवसाचं त्याला एवढंच आठवतं. बारा पॉइंटांच्या यादीत एको नव्हता, तो वाट चुकून सापडला होता.

सूर्यास्ताचा मोह धरू नका. अंधार पडल्यावर रानातून दस्तुरीपर्यंत लहान मुलांना घेऊन चालणं आणि मग टॅक्सीसाठी भांडणं, दोन्ही नको. सूर्यास्त हवा असेल तर मुक्काम करा. आणि हो, जोडून सुट्टी सोडून द्या. साधा शनिवार बघा.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की पॉइंटपेक्षा वाट महत्त्वाची. मोठ्यांना ठीक आहे हो. आमचा नऊ वर्षांचा मुलगा दहा मिनिटांत विचारतो, "अजून किती?" वाटेत त्याला दाखवायचं काय?
– एक वडील, नाशिक

उत्तर : मुंग्या. चेष्टा नाही. माथेरानच्या झाडांवर फांदीच्या बेचक्यात शेणाचा मोठा गोळा थापल्यासारखं काहीतरी दिसतं. जवळून पाहिलंत तर पापुद्र्यांवर पापुद्रे, कौलांसारखे एकावर एक. ते मुंग्यांचं घर. तांबूस रंगाचा एक सुतारपक्षी ह्याच घरात भोक पाडून आपलं घरटं करतो, मुंग्या तिथेच नांदत असताना. हे मुलाला सांगा आणि म्हणा, असं भोक पडलेलं घर शोध. पुढचा अर्धा तास तुमचा. फक्त काठी घालू देऊ नका, मुंग्या कडक चावतात, मला माहीत आहे.

पावसाळा तोंडावर असताना गेलात तर कोणीतरी झाडीत शीळ घालतंय असं वाटेल, शाळा चुकवलेल्या पोरासारखी, सुरात पण कुठेच न पोचणारी. तो शीळकरी कस्तूर. दिसतो क्वचित, काळा-निळा. मुलाला उत्तर शीळ घालायला सांगा.

शिवाय दगड. जांभा दगड भोकाभोकांचा, हातात घेतला तर बोटं लाल होतात. सगळ्या डोंगराच्या माथ्यावर हाच थर, म्हणून वाटा लाल. खालच्या कड्यांचा काळा दगड वेगळा, तो ज्वालामुखीचा लाव्हा. एका दिवसात दोन्ही हाताला लावून बघता येतात. आणि गाडीची वेळ साधली तर रुळांशेजारी उभं राहून मोजा : दोन रुळांमधलं अंतर दोन फूट, म्हणजे त्याच्या दप्तराहून फार मोठं नाही. ही लाइन 1907 मध्ये सुरू झाली, आणि 2005 च्या जुलैच्या पुरात वाहून गेली तेव्हा पुन्हा उभी करायला दोन वर्षं लागली.

"अजून किती?" हा प्रश्न मात्र थांबत नाही. मी "दोन वळणं" असं उत्तर देते. नेहमी दोनच.

प्रश्न : जुलैमध्ये भिवपुरीकडून गारबटवर चढून माथेरानला जायचं आहे. धबधबे बघायचेत. मुलगी आठ वर्षांची, नियमित पोहते. नेऊ का?
– स. जो., पुणे

उत्तर : नको. पोहण्याचा इथे काही संबंध नाही. जुलैत त्या बाजूला धुकं असं उतरतं की चार हातांवरचा माणूस दिसत नाही, आणि पठारावर वाट कुठे संपते आणि कडा कुठे सुरू होतो हे कळत नाही. ओढ्यांचं पाणीही तासाभरात चढतं. ऑक्टोबर उलटू द्या. गवत पिवळं पडायच्या आत, नोव्हेंबरात, माहितगार सोबत घेऊन जा. पावसाळाच हवा असेल तर दस्तुरीवरून वर या, सपाट वाटांनी फिरा, आणि कठड्यापासून हात सोडू नका, तिचाही आणि तुमचाही.

प्रश्न : माकडांचं काय करायचं? मागच्या वेळी आमची चिक्कीची पिशवी गेली.
– व. कु., ठाणे

उत्तर : तुमची चिक्की गेली, माझा डबा गेला होता, पोळी-भाजीसकट, आणि वर त्या माकडाने भाजी टाकून फक्त पोळ्या खाल्ल्या. प्लॅस्टिकची पिशवी हातात दिसली की ती खाण्याचीच, असं त्यांना लोकांनीच शिकवलंय. सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन बंद. खायचं ते हॉटेलात बसून. पिशवी ओढायला लागलं तर ओढाताण करू नका, सोडून द्या. चावा घेतला तर रेबीजच्या इंजेक्शनांना खाली धावावं लागतं. लहान मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन त्याला एकटं पुढे सोडू नका. आणि चिक्की परतीच्या वाटेवर, अगदी निघताना घ्या. सकाळी घेतलेली चिक्की संध्याकाळपर्यंत माकडापासून वाचली तरी मुलांपासून वाचत नाही.