थिंबल दाबले, तरी वायर सुटते

प्रश्न : यंत्रमागाच्या मोटरला 2.5 चौ. मि.मी.ची मल्टीस्ट्रँड वायर आहे. तिच्या टोकाला निळ्या स्लीव्हचे रिंग थिंबल (स्क्रूखाली बसणारी कडी आणि वायर घालायची नळी असलेला धातूचा तुकडा) पकडीने घट्ट दाबून बसवतो, तरी दोन-तीन महिन्यांत काळे पडून सुटते. थिंबलच हलके येते का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : थिंबलला दोष देण्याआधी पक्कड बाजूला ठेवा. पकडीने नळी चपटी होते, पण आतल्या तारांमध्ये फटी राहतात. हवा शिरते, तांबे काळवंडते, जोड तापू लागतो. उरलेले काम मागाची थरथर करते. रॅचेटवाले (पूर्ण मिटल्याशिवाय न उघडणाऱ्या दातेरी कळीचे) क्रिंपिंग टूल, म्हणजे थिंबल दाबायचे खास हत्यार, घ्या. त्याच्या जबड्यावर थिंबलच्याच रंगांचे ठिपके असतात : लाल 0.5 ते 1.5, निळा 1.5 ते 2.5, पिवळा 4 ते 6 चौ. मि.मी.साठी.

वायर थिंबलच्या धातूच्या नळीपेक्षा 1 मि.मी. जास्त सोला, म्हणजे पुढून तांबे जरासे डोकावते. सोलताना तारा तुटल्या तर टोक कापून पुन्हा सोला. कथील चढवू नका. दाबाखाली ते हळूहळू सरकते आणि जोड ढिला पडतो.

आता खरी गोम. जबड्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. अरुंद खाच तांब्यासाठी, रुंद खाच इन्सुलेशनसाठी. रुंद बाजू वायरकडे हवी. उलटे धरले तर इन्सुलेशन चिरडते, तांबे सैल राहते आणि वरून सगळे झकास दिसते.

एक नमुना करून ताणून पाहा. 2.5 च्या जोडाने साधारण 23 किलो, 1.5 च्याने 15 किलो ओढ सोसावी. थिंबल मजबूत खिळ्यात अडकवा, खाली बादली टांगा आणि पाणी ओतत जा. पाय मात्र बादलीखाली नकोत.

प्रश्न : टूल अर्ध्यावर अडकते, उघडतच नाही. बिघडले का?

उत्तर : नाही, ते रॅचेटचे कामच आहे. पूर्ण दाब बसेपर्यंत ते सोडत नाही. दोन दांड्यांमधली छोटी खिट्टी ढकलली की जबडा उघडतो. अडकलेला जोड कापून फेका आणि थिंबल चुकीच्या रंगाच्या खाचेत होते का ते बघा. दांड्यांना पाइप लावून जोर करू नका, रॅचेटचे दात जातात.

उलट, टूल सहज मिटते आणि वायर निसटते, तर दाताळ चाकाचा स्क्रू काढून चाक + कडे एकच घर फिरवा, स्क्रू लावा, पुन्हा बादली टांगा. जास्त कसले तर तारा कापल्या जातात. शेवटच्या घरावरही पकड येत नसेल तर टूल बदला.

प्रश्न : तेल कुठे घालायचे?

उत्तर : पिनांवर आणि रॅचेटच्या दातांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. जबड्यात नाही, तिथला तांब्याचा चुरा जुन्या टूथब्रशने झाडा.