‘देझीर’ला वासना म्हणू नका

प्रश्न असा: भिंतीवर टांगलेल्या, चित्र विणलेल्या पटाच्या (टॅपेस्ट्रीच्या) नकलेवर, निळ्या तंबूच्या वरच्या पट्टीवर ‘ए मोन सेव्हल देसिर’ असं काहीसं आहे. ‘सेव्हल’ फ्रेंच कोशात सापडत नाही. आणि ‘माझी एकमेव वासना’ हा अर्थ बरोबर का?

‘सेव्हल’ असा शब्दच नाही. रोमन वळणाच्या मोठ्या अक्षरांत ‘यू’साठीही ‘व्ही’च काढत. म्हणून तो ‘सल’ वाचायचा, अर्थ एकटा, एकमेव. स्वरांवरची चिन्हंही पटावर नाहीत, ती आपण मनाने घालायची. उच्चार: आ मों सल देझीर. मूळ पट पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात आहे. साधारण 1500 च्या सुमाराचे, एकशिंगी प्राणी आणि सरदारघराण्यातली स्त्री असलेले असे सहा पट आहेत. 1882 मध्ये ते संग्रहालयाकडे आले.

अक्षरं संशयास्पद वाटली तर पट उलटून पाहा. अशा पटाचे ताण्याचे धागे (मागावर आधी ताणून बसवलेले) टांगल्यावर आडवे येतात. दोन रंग ताण्याच्या दिशेने भिडले की तिथे फट राहते आणि ती मागून शिवतात. म्हणजे ‘ई’च्या आडव्या दांड्यांपाशीच शिवण असते. ती उसवली किंवा चुकीची दुरुस्त झाली की ‘ई’चा ‘एफ’ होतो.  

आता देझीर, म्हणजे पटावरचा शेवटचा शब्द. हा लॅटिन ‘देसिदेरारे’पासून आला, त्यात ‘सिदुस’ म्हणजे तारा. ताऱ्यांकडून काही येईल म्हणून वाट पाहणं. हे जोडणं काहींना कवीकल्पना वाटतं. वाटो! ‘कोन्सिदेरारे’मध्येही (निरखणं, विचार करणं) तोच तारा आहे, मग इथेच का नको? शिवाय ‘देसिदेरियुम’ म्हणजे नसलेल्या किंवा गमावलेल्या गोष्टीची ओढ. म्हणून वासना हा शब्द इथे चालत नाही: वासना म्हणजे मनात मागे राहिलेला ठसा, देझीर म्हणजे जे जवळ नाही त्याची ओढ. आजच्या मराठीत तर वासनेला चिकटलेला अर्थ वेगळाच.

माझ्या मते अचूक शब्द ‘ध्यास’. तो ‘निदिध्यास’चा तुकडा आहे आणि ‘निदिध्यास’ हे ‘ध्यै’ धातूचं इच्छार्थक, म्हणजे सन्नन्त रूप. युरोपीय व्याकरणकार संस्कृतातल्या अशा रूपांना जे नाव देतात, ‘डेसिडरेटिव्ह’, ते ‘देसिदेरारे’वरूनच घडलेलं आहे! पटावरच्या शब्दाला मराठीत इतका जवळचा सोबती असताना कोशातला पहिला अर्थ उचलणं हा निव्वळ आळस आहे.

राहिला सुरुवातीचा ‘आ’. त्याचे दोन्ही अर्थ होतात: ‘माझ्या एकमेव ध्यासाला’ किंवा ‘केवळ माझ्या इच्छेने’. त्या पटावरच्या स्त्रीच्या गळ्यात हार नाही आणि तिच्यासमोर दागिन्यांची पेटी उघडी आहे. ते दागिने ती आपणहून काढून ठेवते आहे असं मानलं, तर मला दुसरा अर्थ अधिक पटतो.