श्वास पूर्ण मिनिटभर मोज

अगं, वॉर्डात नवीन आलीस म्हणून आधी हेच सांगते. चार्टवर ओळीने सगळ्यांचे श्वास २० लिहिलेले दिसतील, तसं तू करू नकोस. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० ठीक. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी पडायच्या आधी हाच आकडा वाढतो.

नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटं काढू नकोस. पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीय; तेवढ्यात छाती-पोटाची हालचाल बघत श्वास मोज. 'श्वास मोजते' म्हटलंस की त्याचा श्वास बदलतोच. नवीन असताना एका काकांचे मी अंदाजाने २० लिहिले होते. सिनियर सिस्टरनी घड्याळ धरून मोजले, तर ३२ भरले. काकांच्या नाकपुड्या फुलत होत्या, मी बघितलंच नव्हतं.

नाडी अंगठ्याने बघू नकोस, आपलेच ठोके लागतात. बीपीआधी, घाई नसेल तर, पाच मिनिटं शांत बसू दे. कफ, म्हणजे बीपी मशीनचा पट्टा, उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. जाड दंडाला लहान कफ लावलास तर बीपी उगाच जास्त दिसतं.

बोटं गार असली किंवा नखांवर मेंदी, नेलपॉलिश असली तर ऑक्सिजनचा आकडा दुसऱ्या बोटावर ताडून बघ. पण पेशंटला दरदरून घाम आलाय, एक वाक्य बोलताना धाप लागतेय, तर मशीन काहीही दाखवू दे, आधी डॉक्टरांना हाक मार.