उत्तर: ब्रॅडफर्ड ते डिव्हायझेस एका दिवसात, आईबाबांना घेऊन

तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि नाशिकहून येणारे सत्तरीचे आईबाबा. सकाळी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) घेऊन निघायचं, संध्याकाळी डिव्हायझेसला मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. बोट भाड्यानं देणाऱ्यांनी "12 मैल आहे, 4 तासांत पोचाल" असं सांगितलंय आणि जमेल का असं तुम्ही विचारताय.

नाही जमणार. ते "4 तास" वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. आम्हालाही जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं.

बोट कशी वळवायची, दोर कसे बांधायचे हे ताब्यात देताना शिकवतात, त्यात मी शिरत नाही. केनेट-एव्हन कालव्याच्या या पट्ट्यात मैल मोजून उपयोग नाही, लॉक मोजा. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. ब्रॅडफर्डला 1, सेमिंग्टनला 2, सीन्डला 5 आणि शेवटी डिव्हायझेसला चढणाऱ्या केन हिल टेकडीचे 29. एकूण 37. वाटेत हातानं ढकलून उघडायचे फिरते पूल आहेत ते वेगळेच. जुनेजाणते बोटवाले मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला 3 ने भागतात, म्हणजे तास मिळतात. तुमचे 12 अधिक 37, झाले 49. सोळा तास! हात बसलेली माणसं असतील तर 4 ने भागा, तरी 12 तास होतात. "4 तास" हा आकडा 12 मैलांना नुसता ताशी 3 मैलांनी भागून आलेला आहे. रोज बोटी भाड्यानं देणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

याहून महत्त्वाचं एक आहे आणि ते आम्हाला कुणीच सांगितलं नाही. केन हिलचे मधले 16 लॉक एकाला एक लागून आहेत. तिथे रात्री बोट लावून थांबता येत नाही, म्हणून दुपारी एका ठरावीक वेळेनंतर नवी बोट आत सोडत नाहीत. ही वेळ ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे मी आकडा देत नाही. कालवा सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर तुमच्या तारखेची वेळ स्वतः बघा. लॉक बंद असल्याच्या सूचनाही तिथेच येतात. तुम्ही ऑगस्टमध्ये जाताय, तेव्हा पाणी कमी असलं तर वेळा आणखी आवळतात.

आम्ही सकाळी लवकर निघून, कुठेही न रेंगाळता पायथ्याशी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. तिथल्या स्वयंसेवकानं अगदी अदबीनं सांगितलं, आता उद्या सकाळी. सकाळी चढायला लागलो असतो तर पाच-सहा तास वर जायला, तितकेच खाली यायला, आणि बोट परत करायची वेळ तर त्याच दिवशीची. भाड्यानं देणाऱ्यांच्या कार्यालयात फोन केला (नाव लिहीत नाही). ज्यांनी 4 तास सांगितले होते त्यांनीच आता "मार्ग ठरवणं ही ग्राहकाची जबाबदारी" असं सांगितलं आणि उशिराचा तासाचा दंड वाचून दाखवला. एक दिवस वाढवून द्या, पैसे भरतो म्हटलं, तर बोट पुढे दिलेली आहे.

पैशांचं मला काही वाटलं नाही. माझ्या सासऱ्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, निरा उजव्या कालव्यावर, फलटणला गेली. कालव्यात बोटी चढवतात हे त्यांना स्वतःच्या हातानं दारं उघडून बघायचं होतं. ते नकाशा घेऊन बसायचे. लॉक इतके जवळ आहेत की दोन दारांच्या मध्ये पाणी साठवायला जागाच उरत नाही, म्हणून मधल्या लॉकच्या बाजूला आडवी तळी काढलीयत, हे 1810 साली पुरं झालेलं काम त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. एकदा बोट चढवली की दोन-अडीच लाख लिटर पाणी खाली जातं. मग वर पाणी कुठून येतं? पायथ्याला पंप आहेत, दिवसाला 3.2 कोटी लिटर परत वर चढवू शकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठाच्या वाटेनं काही लॉक चालून आले, पुढे गुडघ्यांनी साथ दिली नाही. नंतर त्यांचं इकडे येणं झालं नाही. त्या कार्यालयात कुणी दोन मिनिटं नीट बोललं असतं तर आम्ही वेगळी आखणी केली असती. हे अजून सलतं.

आता तुमच्यासाठी. माझं मत, पटलं तर घ्या: एवढ्या दोन दिवसांत डिव्हायझेस सोडा आणि बाथच्या दिशेनं जा. ब्रॅडफर्डच्या लॉकच्या खालून निघालात तर बाथच्या लॉकपर्यंत एकही लॉक नाही. वाटेत ॲव्हनक्लिफ आणि डंडास हे दोन दगडी जलसेतू लागतात, म्हणजे नदीवरून कालवा जातो आणि कालव्यातून तुमची बोट. आईबाबा पुढे खुर्ची टाकून बसतील, चहा-पोहे होतील, कुणाची धावपळ नाही.

आणि केन हिलच करायचं असेल तर आठवडाभर बोट घ्या. आदल्या रात्री पायथ्याशी मुक्काम करा, सकाळी सोबतीला दुसरी बोट बघा. लॉक रुंद आहेत, दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात, पाणी आणि मेहनत दोन्ही निम्मी होते. आईबाबांना त्या वेळी बोटीत न ठेवता काठावर ठेवा, वर 44 नंबरच्या लॉकशी चहाचं दुकान आहे.

उतरताना मात्र एक डोळ्यात तेल घालून बघा. वरच्या दाराखाली दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. काठावर पांढरी रेघ मारलेली असते, बोटीचा मागचा भाग सतत तिच्या पुढे हवा. पाणी उतरताना मागचं टोक उंबऱ्यावर अडकलं तर पुढचं खाली जातं आणि बोट बुडते. अशा बोटी खरोखर बुडाल्या आहेत. विंडलास (लॉकची झडप उघडायचा हँडल) दांड्यावर तसाच सोडू नका, उलटा फिरला तर हात मोडतो. आईंची ओढणी किंवा पदर त्याच्या जवळही नको. मुलाला तो फिरवायला देऊ नका असं मी म्हणेन, बाकी पालक तुम्ही. मी प्रशिक्षक नाही, तेव्हा सुरक्षेबाबत ताबा देणारा माणूस सांगेल तेच अंतिम.

पैसे भरण्याआधी कार्यालयाला ईमेल करा, फोन नको. तीनच गोष्टी विचारा: आमच्या मार्गावर लॉक किती, 16 लॉकमध्ये शिरायची शेवटची वेळ काय, आणि ती चुकली तर बोट परत द्यायला सवलत मिळेल का. लेखी उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरीकडे जा, या कालव्यावर बोटी देणारे बरेच आहेत. तारखा आणि बोट कुठून घेताय ते नक्की झालं की कळवा, तासांची बेरीज मी करून देते.