कुंडी उचलून बघा

प्रश्न : ताई, वाढदिवसाला मैत्रिणीने कळ्या-फुलांनी लगडलेली गुलाबी अझेलिया दिली. ती दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवली आहे. घरातल्या बाकीच्या झाडांसारखं तिलाही एक दिवसाआड कपभर पाणी घालते. दहा दिवसांतच पानं गळायला लागली आणि बऱ्याच कळ्या न उमलता तपकिरी पडल्या. घातलेलं पाणी लगेच बशीत उतरतं, म्हणजे माती भिजलेली असणारच. पाणी जास्त होतंय का?

उत्तर : उलट आहे. तुमची अझेलिया तहानलेली आहे, आणि पाणी लगेच बशीत उतरतं हीच त्याची खूण आहे. घरात ठेवायच्या अझेलिया बहुधा पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या हलक्या मातीत, वाढवलेल्या असतात. पीट एकदा पुरतं सुकलं की पाणी शोषत नाही. ते आक्रसतं, कुंडीच्या कडेने फट पडते आणि तुमचं कपभर पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. मुळांभोवतीचा गोळा आत कोरडाच राहतो. अझेलियाची मुळं केसासारखी बारीक आणि उथळ असतात. एवढ्या नाजूक मुळांना एका दिवसाची कोरडही सोसत नाही.

आजच एका बादलीत पाणी घ्या आणि कुंडी तिच्या काठापर्यंत बुडवा. सुरुवातीला ती तरंगेल, हाताने दाबून धरा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, ती पाण्यात राहू द्या. मग बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. निथळलेलं पाणी बशीत साचू देऊ नका, कारण सतत पाण्यात उभी राहिली तर हीच मुळं कुजतात.

आता भिजलेली कुंडी दोन्ही हातांनी उचला आणि ते वजन लक्षात ठेवा. यापुढे वार मोजून पाणी घालू नका. रोज सकाळी कुंडी उचलून बघा. हलकी लागली की पाणी. माझी पहिली अझेलिया मी अशीच गमावली. मातीवर बोट टेकवून बघायचे, वर ओल लागायची, मी निश्चिंत. झाड गेल्यावर कुंडी उपडी केली, तर गोळ्याच्या मधोमध भुसा निघाला. त्या दिवसापासून मी बोटावर विश्वास ठेवत नाही, हातातल्या वजनावर ठेवते.

नावानेही घोटाळा होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये हे नाव रूढ केलं ते ‘कोरडा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी अझेलियाला ऱ्होडोडेंड्रॉनच्या प्रजातीत नेऊन बसवलं, पण बोलण्यात जुनंच नाव टिकलं. झाडाचा स्वभाव मात्र त्या नावाच्या अगदी उलट आहे.

टीव्हीजवळून तिला आधी हलवा. तिथल्या कोरड्या, उबदार हवेत लाल कोळी ही कीड पडते; पानांची मागची बाजू अधूनमधून पाहत जा. भरपूर उजेड असलेली, पण दुपारचं ऊन अंगावर न येणारी, घरातली सगळ्यात गार जागा शोधा. 10 ते 18 अंश सेल्सिअसमध्ये फुलं कित्येक आठवडे टिकतात, गरम खोलीत तोच बहर भराभर उरकतो. तपकिरी कळ्या खुडून टाका. ज्यांच्या टोकाला गुलाबी रंग दिसतोय, त्या अजून उमलतील.

प्रश्न : आमची अझेलिया गेल्या वर्षी भरभरून फुलली. यंदा झाड वाढलं आहे, पण कळी एकही नाही. हिवाळ्याच्या तोंडावर मी छान गोल छाटणी केली होती. आता नवी पानं पिवळी येत आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. अंड्याची टरफलं कुटून घातली, तरी फरक नाही.

उत्तर : कळ्या तुमच्या कात्रीखाली गेल्या. पुढच्या बहराच्या कळ्या उन्हाळ्यातच फांद्यांच्या टोकांवर धरायला लागतात. म्हणून छाटायचं ते फुलं ओसरल्याबरोबर, नंतर नाही. कुंडी बदलायची तर तेव्हाच, आणि नवी कुंडी एकच आकार मोठी, पसरट असावी. कळी धरल्यावर तिच्या बुडाशी कोवळे फुटवे येतात, ते मात्र चिमटीने खुडा, नाहीतर कळीचं पोषण तेच घेतात.

कळ्या धरल्या तरी उमलायला थंडी लागते : सहा ते आठ आठवडे, साधारण 10 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली. दंव पडत नसेल अशी गॅलरी किंवा न तापणारी खोली चालेल. घरात बारा महिने उबदारच असेल, तर दुसरा बहर मिळणं अवघड आहे. एवढं जपलेलं झाड असताना हे सांगायला मलाही वाईट वाटतं, पण खोटी आशा लावणार नाही.

पिवळ्या पानांचं कारण टरफलांनी वाढवलं आहे. अझेलियाला आम्लधर्मी माती हवी, सामू (pH) 4.5 ते 5.5 च्या दरम्यान. टरफलं म्हणजे चुनाच, आणि जड पाण्यातही तोच असतो. चुन्याने सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. टरफलं जेवढी निघतील तेवढी काढा, राखही घालू नका. पावसाचं पाणी साठवून तेच द्या. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, पाण्यात विरघळवून द्या, आणि वाढीच्या दिवसांत आम्लप्रिय झाडांचं खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या मात्रेने. आधीच पिवळी झालेली पानं पुरती सुधारतील असं नाही. नवी येतात ती कशी येतात ते बघा.

प्रश्न : घरात मांजर आहे. अझेलिया ठेवू का?

उत्तर : मांजर पोहोचणार नाही अशी जागा नसेल तर नको. पान, फूल, मध, सगळ्यात ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं. थोडं चघळलं तरी लाळ गळते, उलट्या होतात; जास्त गेलं तर हृदयाचे ठोके मंदावतात. कुत्र्यांना आणि लहान मुलांनाही ते घातक. मांजराने किंवा कुत्र्याने खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा. आणि गळलेली फुलं त्या त्या वेळी उचला. मांजरं खेळायला घेतात ती जमिनीवर पडलेलीच.