बर्फाखाली शांतता असते का?

प्रश्न: अंटार्क्टिकातल्या सीलचा एक व्हिडिओ पाहिला. खेळण्यातल्या लेसर बंदुकीसारखे ‘पिऊ पिऊ’ आवाज येतात. मुलगा म्हणतो, हे एडिट केलेलं आहे. शिवाय समुद्रावर एवढं बर्फाचं झाकण असताना जहाजांच्या आवाजाचा तिथल्या प्राण्यांना त्रास कसा होईल? – एक वाचक

उत्तर: मुलाला सांगा, पैज हरलास. ते बहुधा वेडेल सील असणार. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा मलाही हेडफोन बिघडल्याची शंका आली होती आणि वायर हलवून पाहिली होती. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेनं 2005च्या अखेरीस अंटार्क्टिकातल्या एकस्ट्रोम हिमपटलाला (समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थराला) आरपार भोकं पाडून खाली हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, सोडले. त्या केंद्राचं नाव ‘पालाओआ’. त्याचं थेट प्रक्षेपण मी रात्री काम करताना लावून ठेवायचो. बराच वेळ नुसती खरखर. मग कुठूनशी एक शीळ वरच्या पट्टीत सुरू व्हायची आणि घसरगुंडीवरून सुटल्यासारखी थेट खर्जात उतरायची.

दक्षिणेकडच्या समुद्रात बदकासारखं काहीतरी ‘क्वॅक क्वॅक’ करतं, हे पाणबुडीवाल्यांना 1960च्या दशकापासून ठाऊक होतं. तो अंटार्क्टिक मिंकी व्हेल आहे हे कळायला 2014 उजाडलं.

आता तुमचं झाकण. वारा पडलेला आणि बर्फ घट्ट धरलेला असेल, तर खाली खरोखरच शांत असतं. पण थंडी वाढली की बर्फ आक्रसून तडकतो, वाऱ्यानं तुकडे एकमेकांवर घासतात. 1997 साली पॅसिफिकमधल्या, एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या हायड्रोफोनांवर ‘ब्लूप’ नावाचा प्रचंड आवाज नोंदला गेला. त्यावरून समुद्रराक्षसाच्या कथा रंगल्या. निघाला तो बर्फ तडकल्याचा आवाज.

हिमनदी समुद्राला मिळते तिथे तर कहरच. फ्रिजमधला बर्फाचा खडा पाण्यात टाकला की तडतडतो, तो तापमानाच्या धक्क्यानं. हिमनदीच्या बर्फात मात्र जुनी हवा दाबाखाली कोंडलेली असते. बर्फ विरघळता विरघळता बुडबुड्याची भिंत पातळ होते आणि हवा फट्कन सुटते. असे असंख्य बुडबुडे एकदम फुटत असतात. कढईत फोडणी टाकल्यासारखा तो आवाज दिवसरात्र चालू राहतो.

मग एवढ्या गोंगाटात जहाजाचं काय एवढं? खरी अडचण झाकणातच आहे. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात सगळ्यात थंड पाणी वर असतं, आणि थंड पाण्यात ध्वनीचा वेग कमी. ध्वनी कमी वेगाच्या पाण्याकडे वळतो, म्हणजे पुन्हा पुन्हा वर येतो, बर्फाला आपटून परततो आणि वरच्याच थरात पुढे जात राहतो. बारीक, तीव्र सूर बर्फाच्या खडबडीत पोटाला आपटून विखुरतात. खर्जातले मात्र लांबवर पोचतात. बोहेड व्हेल याच खर्जात एकमेकांना हाका मारतात आणि जहाजाचे पंखेही तिथेच घरघरतात. बर्फफोडं जहाज तर मागे येऊन पुन्हा धडक मारतं, तेव्हा पंख्याभोवती बुडबुडे फुटून सर्वांत जास्त आवाज होतो.

कॅनडाच्या लँकेस्टर साउंडमध्ये (इथे ‘साउंड’ म्हणजे सामुद्रधुनी, आवाज नव्हे!) 1980च्या दशकात पाहणी झाली. अशी जहाजं 35 ते 50 किलोमीटर लांब असतानाच बेलुगा (पांढरे व्हेल) धोक्याच्या हाका देत पळू लागले. नारव्हाल (लांब सुळ्याचे व्हेल) मात्र जागच्या जागी थिजले. न पळणारा प्राणी पाहून ‘याला काही फरक पडत नाही’ असं लिहून टाकणारे अहवाल मला म्हणूनच पटत नाहीत.

जहाजं कमी आवाजाची बांधावीत म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं 2014 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, 2023 मध्ये सुधारल्या. त्या ऐच्छिक आहेत, सक्तीच्या नाहीत.

आणि हो, बोहेडचं गाणं मुलाला ऐकवाल तेव्हा हेडफोन द्या. मोबाइलच्या स्पीकरमधून त्यातला खर्ज बाहेरच पडत नाही.