वाचकांचे प्रश्न : डेंग्यू नाही, मलेरिया नाही, मग ताप कशाचा?

पावसाळा सरताना येणाऱ्या तापांविषयी ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी टायफस आणि त्याच्या जवळच्या आजारांसंबंधीची पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी असून, रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा सल्लाच अंतिम मानावा.

प्रश्न : माझे पती ४६ वर्षांचे आहेत. सप्टेंबरमध्ये दर रविवारी सकाळी ते पक्षी पाहण्यासाठी येऊरला जात. महिनाअखेरीस त्यांना थंडी वाजून ताप आला आणि डोके असह्य दुखू लागले. डेंग्यू व मलेरियाच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. विडाल चाचणी पॉझिटिव्ह आल्याने टायफॉइड समजून सेफ्ट्रायाक्सोनची इंजेक्शने सुरू झाली. पण चार दिवसांनंतरही ताप १०३ च्या खाली येईना आणि प्लेटलेट ७० हजारांवर आल्या. मग दुसऱ्या डॉक्टरांनी जांघेतली एक काळी खपली पाहून स्क्रब टायफसचे निदान केले, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या रात्री ताप उतरला. हा टायफॉइडचाच प्रकार आहे का? महागडी इंजेक्शने लागू पडली नाहीत आणि साधी गोळी कशी लागू पडली? (एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : नाही, हे दोन पूर्णपणे वेगळे आजार आहेत. टायफॉइड हा साल्मोनेला टायफी या जीवाणूमुळे होतो आणि दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतो. टायफस गटातील आजार रिकेट्सिया कुळातील जीवाणूंमुळे होतात आणि ते उवा, पिसवा, माइट अशा बारीक जिवांमार्फत माणसापर्यंत येतात. पूर्वी डॉक्टरांचाही यात गोंधळ होत असे. फिलाडेल्फियातील विल्यम गेरहार्ड यांनी १८३७ साली शवविच्छेदनाच्या आधारे दाखवून दिले की टायफॉइडच्या रुग्णांच्या आतड्यांत व्रण आढळतात आणि टायफसच्या रुग्णांत ते आढळत नाहीत.

स्क्रब टायफसचा जीवाणू ओरिएंशिया सुत्सुगामुशी या नावाने ओळखला जातो. तो आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींमध्ये शिरून तेथेच वाढतो. सेफ्ट्रायाक्सोन आणि पेनिसिलीन गटातील औषधे जीवाणूची भिंत बांधली जाऊ न देता त्याला मारतात; परंतु ही औषधे पेशींच्या आत पुरेशी पोहोचत नाहीत आणि या जीवाणूची भिंतही नेहमीच्या जीवाणूंसारखी नसते. डॉक्सिसायक्लिन पेशीत शिरते आणि जीवाणूची प्रथिने तयार होण्याची प्रक्रियाच थांबवते. औषधाची किंमत आणि त्याची योग्यता यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे या आजारात विशेष स्पष्टपणे दिसते. प्रौढांना सामान्यतः १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस दिली जाते आणि बहुतेकांचा ताप ४८ तासांत उतरतो. इतका की, तो न उतरल्यास निदानाचा फेरविचार करावा असे आम्हाला शिकवले जाते.

पहिल्या डॉक्टरांना सरसकट दोष देणे मात्र योग्य होणार नाही. टायफॉइडमध्ये योग्य इंजेक्शन सुरू असतानाही ताप उतरायला पाच-सहा दिवस लागू शकतात, त्यामुळे चौथ्या दिवशी थांबून पाहण्याला काही आधार होता. आक्षेप घ्यायचा तो एकट्या विडाल चाचणीवर विसंबण्याला. आपल्याकडे टायफॉइडच्या जीवाणूंशी अनेकांचा पूर्वी संबंध आलेला असतो आणि काहींनी लसही घेतलेली असते, त्यामुळे इतर तापांतही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइडची खात्री करण्यासाठी अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करायला हवे.

आता त्या खपलीविषयी सविस्तर लिहितो, कारण या आजाराचे निदान अनेकदा तिच्यावरच ठरते. माइटची अळी जेथे चावते तेथे आधी लहान पुळी येते, ती फुटते आणि मधोमध काळी कोरडी खपली व भोवती तांबूस कडा अशी, विडीचा चटका बसावा तशी, जखम तयार होते. ती दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. अळीला कपड्याखालची मऊ, दमट जागा आवडते, म्हणून खपली काखेत, जांघेत, नाडीच्या किंवा पट्ट्याच्या रेषेत, स्तनांखाली, कानामागे, जननेंद्रियांच्या आसपास सापडते. नेमक्या याच जागा संकोचामुळे तपासायच्या राहून जातात. घरच्यांनी आंघोळीच्या वेळी किंवा कपडे बदलताना उजेडात पाहावे आणि काही दिसल्यास डॉक्टरांना आपणहून सांगावे. सावळ्या त्वचेवर ती सहज नजरेतून सुटते आणि अनेक रुग्णांत ती नसतेही; म्हणून खपली नाही म्हणजे आजार नाही, असा अर्थ काढू नये.

रक्ताच्या तपासणीत आयजीएम एलायझा ही चाचणी उपयोगी आहे, परंतु प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण आठवडा लागत असल्याने पहिल्या काही दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते. त्या टप्प्यावर खपलीच्या तुकड्याची पीसीआर तपासणी अधिक खात्रीची असते. वाइल-फेलिक्स ही १९१६ पासूनची जुनी चाचणी स्वस्त आहे, पण तिच्यातून बरेच रुग्ण सुटतात. लक्षणांवरून दाट शंका असेल तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करायचे असतात. दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत आणि मेंदूवर परिणाम होऊ लागतो आणि बहुतेक मृत्यू अशा उशिरा ओळखल्या गेलेल्या रुग्णांत होतात. अत्यवस्थ रुग्णांवर भारतातील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन शिरेतून एकत्र दिल्यास, त्यांपैकी एकच औषध देण्यापेक्षा गुंतागुंत कमी होते.

लागण येऊरलाच झाली असे खात्रीने सांगता येणार नाही. अळी चावल्यापासून ताप येईपर्यंत ६ ते २१ दिवस जातात, त्यामुळे त्या तीन आठवड्यांत आपले पती आणखी कोठे गवतात बसले होते, हेही आठवून पाहावे. रानात जाणाऱ्यांनी पायघोळ पँट मोज्यांत खोचावी, गवतावर थेट बसू नये, डीट (किडे-डासांना दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम उघड्या अंगाला लावावे आणि घरी येताच साबणाने अंग घासून आंघोळ करून ते कपडे गरम पाण्यात टाकावेत. रानात जाणे सोडण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या रखवालदाराला स्क्रब टायफस झाला होता. तो आता बरा आहे, परंतु काही सभासदांनी त्याला आणि त्याच्या कुटुंबाला आवारातील खोली सोडायला सांगावे असा आग्रह धरला आहे. सोसायटीमागे टेकडीच्या पायथ्याशी मोकळा भूखंड असून तेथे पुरुषभर गवत आहे. कमिटीने दोनदा धूर फवारणी करून घेतली. एवढे पुरेसे आहे का? (सोसायटी कमिटीचे एक सदस्य, खारघर)

उत्तर : आधी रखवालदाराविषयी. स्क्रब टायफस एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. खोकल्यातून, स्पर्शातून, एका ताटात जेवल्याने, एका खोलीत झोपल्याने तो पसरत नाही. ज्या अळीने त्याला चावा घेतला ती आता दुसऱ्या कोणाला चावणारही नाही, कारण माइट आपल्या आयुष्यात केवळ अळीच्या अवस्थेत आणि तेही एकदाच प्राण्याच्या अंगावर पोसली जाते. आजारातून उठलेल्या, आवाराची राखण करतानाच बहुधा ज्याला ही लागण झाली अशा माणसाला घराबाहेर काढणे हा सरळ अन्याय आहे. कृपा करून हे पत्र आपल्या सभेत वाचून दाखवावे.

धूर फवारणी उडणाऱ्या डासांसाठी असते. या अळ्या जमिनीलगत, गवताच्या मुळाशी आणि पालापाचोळ्यात असतात, तेथे धुराचा उपयोग होत नाही. अळीची लांबी मिलिमीटरच्या पाव भागाहूनही कमी असते, ती गवताच्या पात्यावर चढून बसते आणि जवळून जाणाऱ्या उंदराच्या किंवा माणसाच्या अंगावर जाते. संसर्ग माइटच्या मादीकडून अंड्यांत उतरतो, त्यामुळे एखादा झुडपी तुकडा वर्षानुवर्षे धोक्याचा राहतो आणि शेजारचा तुकडा निर्धोक असू शकतो. म्हणून आवाराच्या आणि पायवाटेच्या कडेचे गवत नियमित कापून घ्यावे व कापलेले तेथेच ढीग करून ठेवू नये. भिंतीलगत पडलेल्या विटा, फळ्या आणि राडारोडा हटवावा, कारण उंदीर-घुशी तेथेच बिळे करतात. भूखंड सोसायटीचा नसेल तर महापालिकेकडे लेखी तक्रार करावी.

रखवालदाराच्या कुटुंबाचे कपडे झुडपांवर किंवा गवतावर वाळत पडत असतील तर त्यांना दोरी बांधून द्यावी. त्याला गमबूट, बसायला खुर्ची आणि ड्यूटी संपल्यावर आंघोळीची सोय द्यावी. धूर फवारणीच्या खर्चापेक्षा हा खर्च नक्कीच अधिक सत्कारणी लागेल.

प्रश्न : माझ्या मुलीच्या वर्गात बऱ्याच मुलींच्या डोक्यात उवा झाल्या आहेत. महायुद्धाच्या काळात उवांमुळे टायफस पसरून असंख्य माणसे दगावली, असे वाचले आणि झोप उडाली. (एक आई, ऐरोली)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, पण त्या उवा वेगळ्या. साथीचा टायफस पसरवतात त्या अंगावरच्या उवा कपड्यांच्या शिवणीत राहतात आणि फक्त रक्त पिण्यासाठी अंगावर येतात. जीवाणू उवेच्या विष्ठेत असतात आणि खाजवताना ओरखड्यांतून शरीरात जातात. ट्युनिसच्या रुग्णालयात शार्ल निकोल यांच्या लक्षात आले की दाखल होईपर्यंत रुग्ण इतरांना आजार देतो आणि त्याचे कपडे काढून, आंघोळ घालून वॉर्डात नेल्यावर देत नाही. आजारी पडत होते ते त्याचे कपडे हाताळणारे लोक. त्यावरून १९०९ साली त्यांनी उवांचा संबंध सिद्ध केला आणि १९२८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कडाक्याची थंडी, गर्दीच्या छावण्या आणि महिनोन्‌महिने न बदललेले कपडे ही त्या साथींची परिस्थिती होती. रोज कपडे बदलणाऱ्या आपल्या मुलींच्या डोक्यातील उवांमुळे टायफसच्या साथी येत नाहीत.

पर्मेथ्रिनचे लोशन लावून बारीक दातांच्या फणीने केस विंचरावेत आणि लिखांतून नव्याने निघणाऱ्या उवांसाठी आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच करावे. रॉकेल कदापि लावू नये.

प्रश्न : मी घाऊक बाजारातील एका धान्याच्या गोदामात हिशेब पाहतो. उंदरांचा सुळसुळाट आहे. मालक विष ठेवणार आहेत. त्यामुळे आजार पसरण्याचा धोका कमी होईल ना? (एक वाचक, तुर्भे)

उत्तर : कमी होईल, पण क्रम सांभाळला तरच. उंदरांच्या पिसवांमार्फत म्युराइन टायफस होतो. साथीच्या टायफसपेक्षा तो सौम्य असतो. ताप, डोकेदुखी, कधी छातीपोटावर पुरळ येते आणि डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो. परंतु उंदीर मेला की पिसवा त्याचे थंड झालेले अंग सोडून दुसरा आसरा शोधतात आणि जवळ माणूस असेल तर माणसाकडे येतात. म्हणून बिळांच्या तोंडाशी व भिंतीकडेला आधी पिसवा मारणारी कीटकनाशक पूड टाकावी आणि त्यानंतर उंदरांचा बंदोबस्त करावा. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये.

विष न ठेवताच उंदीर पटापट मरून पडू लागले तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवावे, कारण प्लेगची सुरुवात तशी होते. १८९६ साली मुंबईतील प्लेगचे पहिले रुग्ण मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत सापडले होते. गोदामात पाणी शिरत असेल तर उंदरांच्या मूत्रातून होणाऱ्या लेप्टोचा धोका टायफसपेक्षा मोठा समजावा. पायाला जखम असलेल्या माथाडी कामगारांनी त्या पाण्यात अनवाणी उतरू नये.

प्रश्न : माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे आणि नातू सहा वर्षांचा आहे. आमच्या चाळीमागे रान माजले आहे. त्यांना हा आजार झाला तर औषध कोणते? आधीच खबरदारी म्हणून गोळी घेता येते का? (एक आजी, कळवा)

उत्तर : गरोदरपणात अझिथ्रोमायसिन दिले जाते आणि ते चांगले लागू पडते. या आजारात गर्भपात होण्याचा किंवा बाळ दगावण्याचा धोका असल्यामुळे, सूनबाईंना ताप आल्यास दोन दिवस घरगुती उपाय करून पाहू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि मागे रान असल्याचे आवर्जून सांगावे. लहान मुलांच्या दातांवर डॉक्सिसायक्लिनने डाग पडतात ही भीती जुन्या टेट्रासायक्लिन औषधांवरून आली आहे. थोड्या दिवसांच्या उपचारात तसे होत नाही असे आता मानले जाते. नातवासाठी दोहोंपैकी कोणते औषध द्यायचे हे बालरोगतज्ज्ञ त्याच्या वजनावरून ठरवतील.

स्क्रब टायफसवर अद्याप लस उपलब्ध नाही. आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन घेण्याचा उपाय धोक्याच्या रानात तैनात असलेल्या सैनिकांसारख्यांसाठी वापरून पाहिला गेला आहे. घरी राहणाऱ्यांनी, त्यातही गरोदर स्त्रीने, तशी गोळी घेऊ नये. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोसाठी आरोग्य केंद्रात जी गोळी देतात तीही डॉक्सिसायक्लिनच असते. त्यातली शिल्लक गोळी घरात असेल तर ती सूनबाईंना देऊ नये.